कोडीन सोडायचं ठरवलंय? मग आधी एक वही घ्या

कपाटामागून मुंग्यांची रांग निघायला लागली, म्हणून बायकोनं एका रविवारी कपाट पुढे ओढलं. मागे खोकल्याच्या औषधाच्या एकोणीस रिकाम्या बाटल्या होत्या. झाकणं चिकटलेली, तळाशी गोड थर, त्यावर मुंग्या. तिनं त्या एकेक करून मोजल्या, जमिनीवर ओळीत लावल्या आणि मला हाक मारली. ओरडली नाही. "हे सगळं तू प्यायलास?" एवढंच विचारलं.

सुरुवात साध्या कोरड्या खोकल्यानं झाली होती. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी कोडीनचं सिरप लिहून दिलं. खोकला थांबला. पण त्याच्याबरोबर माझी कित्येक वर्षांची कंबरदुखीही शांत झाली आणि रात्रभर गाढ झोप लागली. ती झोप मला परत हवी होती. पाच दिवसांची जवळजवळ तीन वर्षं झाली आणि मी दिवसाला दीड बाटलीवर पोचलो. नोकरी चालू होती, इस्त्रीचे कपडे घालून कामाला जात होतो, म्हणून मला वाटायचं की आपण व्यसनी नाही.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी याच जागी उभं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. सिरप असो, कोडीनच्या वेदनाशामक गोळ्या असोत किंवा ट्रामाडोलसारख्या त्याच कुळातल्या गोळ्या, वाट बरीचशी एकच आहे. मी डॉक्टर नाही. औषध किती आणि कसं कमी करायचं, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तिथपर्यंत कसं पोचायचं आणि पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते मी सांगू शकतो.

हे नेमकं आहे काय

कोडीन हे अफूच्या बोंडातलं द्रव्य. १८३२ साली फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढण्यात आलं. पोटात गेल्यावर यकृत त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन करतं आणि दुखणं थांबतं ते मुख्यतः त्या मॉर्फिनमुळे. हे रूपांतर काहींच्या शरीरात फार झपाट्यानं होतं, काहींच्या शरीरात जेमतेम. म्हणून मित्राला 'काहीच होत नाही' तेवढ्या मात्रेनं तुमचा श्वास मंदावू शकतो.

काही आठवडे रोज घेतलं की कुणाच्याही शरीराला त्याची सवय लागते, अगदी चिठ्ठीप्रमाणे घेतलं तरी. त्यात तुमचा दोष नाही. खोकला किंवा दुखणं गेल्यावरही आपण घेत राहतो, मात्रा वाढवतो, लपवतो, दुसऱ्या मेडिकलमध्ये जातो, तेव्हा त्याला व्यसन म्हणायचं. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे २ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते आणि जवळपास १ टक्का लोक त्यातली औषधी रूपं, म्हणजे सिरप, गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं. म्हणजे तुमच्या इमारतीत तुम्ही एकटेच असाल असं समजू नका.

पहिलं काम: मोजा, कमी करू नका

ऐकायला उलटं वाटेल, पण पहिल्या आठवड्यात काहीही सोडायचं नाही. (एक अपवाद आहे, तो पुढच्याच परिच्छेदात येतो.) एक साधी वही घ्या आणि रोज घेतलेला प्रत्येक घोट, प्रत्येक गोळी वेळेसकट लिहा. तोंडाला बाटली लावू नका, झाकणासोबत येणाऱ्या मापानंच घ्या. मी 'अर्धी बाटली घेतो' असं स्वतःला सांगत होतो. वहीत तिसऱ्या दिवशी दीड निघाली.

मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला १० मिग्रॅ कोडीन आणि ४ मिग्रॅ क्लोरफेनिरामिन असायचं. म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत २०० मिग्रॅ कोडीन आणि ८० मिग्रॅ क्लोरफेनिरामिन. हे दुसरं औषध सर्दीचं, झोप आणणारं. मोठ्या माणसाला त्याची दिवसाची मर्यादा २४ मिग्रॅ. मी त्याच्या पाचपट घेत होतो आणि तोंडाला कोरड, लघवीला त्रास, धूसर दिसणं या सगळ्याचं खापर वयावर फोडत होतो. गोळ्या घेणाऱ्यांना धोका याहून मोठा आहे, कारण कोडीनच्या जोडीला बहुधा पॅरासिटामॉल असतं, एका गोळीत ५०० मिग्रॅ. दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे आठ गोळ्या. कोडीनच्या ओढीनं कुणी वीस गोळ्या घेत असेल, तर ते १० ग्रॅम पॅरासिटामॉल झालं. यकृत निकामी व्हायला तेवढं पुरतं आणि पहिले एक-दोन दिवस काही जाणवतही नाही. तुमचा आकडा आठच्या वर जात असेल तर वही भरायची वाट बघू नका. आजच इस्पितळात जा आणि आकडा खरा सांगा.

ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी दोन शब्द. तिथे कमी ताकदीच्या कोडीन गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. पाकिटावर 'फक्त तीन दिवसांसाठी' आणि 'व्यसन लागू शकतं' असा इशारा छापलेला असतो, तो शब्दशः घ्या. तिथल्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलऐवजी आयब्युप्रोफेन असतं. ते जास्त झालं तर जठरातून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. ऑस्ट्रेलियानं १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीन चिठ्ठीशिवाय देणं बंदच केलं.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक यादी करा: दारू, झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिनच्या गोळ्या. हे पान डॉक्टरांपासून अजिबात लपवायचं नाही. कोडीनबरोबर या गोष्टी श्वास बंद पाडू शकतात. शिवाय दारू आणि अल्प्राझोलाम एकदम थांबवल्यावर फिट येऊ शकते.

एकट्यानं एका झटक्यात का सोडू नये

मी सोडून पाहिलं होतं. गणपतीत गावी गेलो, बाटल्या मुद्दाम नेल्या नाहीत. पहिल्या संध्याकाळी आरतीला उभा असताना एकामागून एक जांभया यायला लागल्या, नाक-डोळे वाहायला लागले. आईला वाटलं सर्दी झाली. रात्री अंगावर काटा, घाम आणि थंडी एकाच वेळी. दुसऱ्या रात्री पाय! पोटऱ्यांत कुणी आतून पिळतंय असं वाटायचं, एक मिनिट पाय स्थिर ठेवता येईना. जुलाब, मळमळ, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी एस.टी. पकडून तालुक्याला गेलो आणि स्टँडसमोरचं मेडिकल उघडायची वाट बघत पायरीवर बसलो.

यालाच व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात. कोडीनमध्ये ती साधारण शेवटच्या मात्रेनंतर ८ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. धडधाकट माणूस तिनं सहसा मरत नाही. पण जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी घटतं, आणि उपचार नसले की बहुतेक जण माझ्यासारखे तिसऱ्या दिवशी पायरीवर जाऊन बसतात. त्यानंतर 'आपल्याला जमणारच नाही' ही खूणगाठ मनात पक्की होते. तिनं माझं आणखी दीड वर्ष खाल्लं.

काहींनी तर घरच्या घरी हा प्रयोग करूच नये. गरोदर बाई (एकदम थांबवलं तर पोटातल्या बाळाला धोका असतो), सोबत दारू किंवा अल्प्राझोलाम घेणारे, हृदयविकार किंवा फिट्सचा इतिहास असलेले, आणि ज्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात ते सगळे. यांच्यासाठी पहिली पायरी थेट डॉक्टर.

कुणाकडे जायचं, काय बोलायचं

मनोविकारतज्ज्ञाकडे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ किंवा जिल्हा रुग्णालय, तिथल्या मानसोपचार विभागाची ओपीडी. केसपेपर काढायला खर्च फार येत नाही. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मनाच्या कुठल्याही तक्रारीसाठी टेलिमानस, १४४१६. दोन्ही मोफत. राहून उपचार घ्यायचे असतील तर पुण्याच्या मुक्तांगणाचं नाव महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते सुरू केलं. स्त्रियांसाठी तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. हे मी आवर्जून सांगतो, कारण गोळ्यांचं व्यसन बायकांमध्ये घरातल्या घरात दडून राहतं.

ओपीडीत माझी जीभ उचलत नव्हती. तुमचीही अडखळली तर हे वाक्य कागदावर लिहून न्या आणि सरळ पुढे सरकवा: 'मी इतक्या महिन्यांपासून रोज इतकं कोडीन घेतो, थांबवलं की त्रास होतो, मला सोडायचं आहे.' सोबत वही आणि घेत असलेल्या औषधांची रिकामी पाकिटं. माझ्या डॉक्टरांनी वही पाहिली, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे काम तुम्ही केलंत ते चांगलं झालं, आता माझं काम सोपं आहे." तीन वर्षांत या विषयावर माझ्याशी कुणी साध्या आवाजात बोललेलं ते पहिलं वाक्य.

पोलिसांची भीती बऱ्याच जणांना अडवते. डॉक्टर तुमची माहिती गुप्त ठेवायला बांधील आहेत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुम्हाला तो हक्क दिलेला आहे. एनडीपीएस हा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे खरा. पण सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या माणसानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालू नये अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. कुणावर केस झालीच असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा, घरच्यांना भेटू देतात का ते विचारा. मारहाण करणारं, साखळीनं बांधणारं, रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारं ठिकाण कितीही 'रिझल्ट' देत असलं तरी तिथे आपलं माणूस टाकू नका. साखळदंड घालणं कायद्यानं गुन्हा आहे.

डॉक्टर काय देऊ शकतात

ढोबळ मानानं तीन वाटा आहेत. एक, कोडीनची मात्रा ठरलेल्या वेळापत्रकानं हळूहळू उतरवत नेणं. यात पुरवठा स्वतःकडे ठेवायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी रोजचं मोजून द्यायचं. दोन, टर्कीच्या त्रासावर औषधं: क्लोनिडीन (यानं रक्तदाब उतरतो, त्यामुळे डॉक्टरांशिवाय नकोच), जुलाब, मळमळ, अंगदुखी यांवरच्या गोळ्या.

तिसरी वाट ब्युप्रेनॉर्फिनची. ही गोळी जिभेखाली ठेवतात, बहुधा नॅलोक्सोनसोबत (अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवणारं औषध) मिळते. मेंदूत जिथे कोडीन जाऊन बसतं तिथेच ही बसते, पण हळू आणि दीर्घकाळ. तिच्यामुळे टर्कीही नाही आणि नशाही नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. पहिली गोळी मात्र टर्की सुरू झाल्यावरच घ्यायची असते, शेवटच्या कोडीननंतर साधारण बारा तास किंवा जास्त. घाई केली तर ती शरीरातलं मॉर्फिन हुसकावून लावते आणि टर्की एकदम अंगावर कोसळते. म्हणून मित्राकडून मागून आणलेली गोळी घेऊ नका.

'हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरलं' असं तुम्हाला नातेवाईक सांगतील. मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही, आज देतो. कोडीनवर असताना माझा सगळा दिवस पुढची बाटली कुठून आणायची यात जायचा. ब्युप्रेनॉर्फिनवर असताना मी सकाळी एक गोळी घेऊन मुलीला शाळेत सोडायला जायचो. ती गोळी काही महिने चालते, काहींना वर्षंही लागतात, आणि ती थांबवायची घाई करणारे बरेचसे पुन्हा घसरतात.

शरीरातून अफूवर्गीय औषध पूर्ण निघून गेल्यावर, म्हणजे निदान सात ते दहा दिवसांनी, काहींना नाल्ट्रेक्झोन देतात. ते घेत असताना कोडीनचा परिणाम होत नाही. आणि कोडीन सोडायला म्हणून ट्रामाडोलकडे वळू नका. ते त्याच कुळातलं, त्याचीही टर्की असते आणि जास्त झालं तर फिट येते.

पहिले दहा दिवस घरात

सुट्टी घ्या. कुणीतरी एक माणूस सोबत हवंच, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री. जेवण जात नाही, त्याची जबरदस्ती नको. मिठाची पेज, ताक, मऊ भात, केळं आणि ओआरएस (मोठं पाकीट एक लिटर पाण्यात). ग्लास उशाशी ठेवा आणि दर थोड्या वेळानं दोन घोट घ्या. पायांना कोमट पाण्याची बादली आणि पोटऱ्या चोळणारा हात, या दोन गोष्टींनी मला रात्री काढता आल्या. बायको मोबाइलवर बातम्या वाचत एका हातानं पाय चोळायची. झोप येणार नाही हे गृहीत धरा. उलट्या थांबत नसतील, लघवी होत नसेल, माणूस बरळत असेल, फिट आली, तर थेट इस्पितळ.

दहाव्या दिवशी शरीर सुटतं, पण आनंद परत येत नाही. कशातच रस वाटत नाही, झोप तुटक, चिडचिड. हे आठवडे, कधी महिने चालतं. मला याची कल्पना कुणी दिली नव्हती, मला वाटलं आता आयुष्य असंच फिकं राहणार. साधारण तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गल्लीत कुणाच्या तरी फोडणीचा वास आला आणि भूक लागली. त्या वासापाशी मी चक्क थांबलो.

जीव जातो तो इथे

हा भाग घरच्यांनीही वाचावा. काही आठवडे सोडल्यानंतर शरीराची सहनशक्ती संपलेली असते. तेव्हा घसरण झाली आणि माणसानं 'नेहमीची' मात्रा घेतली, तर ती आता त्याच्यासाठी विषारी असते. माणूस हलवून उठत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळसर: १०८ ला फोन करा. कुशीवर वळवून ठेवा, श्वास थांबला तर तोंडानं श्वास द्या. 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीचं दार ओढून घेऊ नका. नॅलोक्सोनच्या इंजेक्शननं हा परिणाम उलटवता येतो, म्हणून इस्पितळात काय घेतलंय ते लगेच, खरं सांगा.

मूळ दुखण्याचं काय

बहुतेक सल्ले इथे गप्प बसतात. माझी कंबर दुखत होतीच की! सोडल्यावर ती आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. यालाही कारण आहे. अफूवर्गीय औषधं दीर्घकाळ घेतली की वेदनेची जाणीव उलट तीव्र होऊ शकते, आणि थांबवल्यावर ती हळूहळू खाली येते. डोकेदुखीवर महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस कोडीन घेणाऱ्यांना तर गोळीमुळेच नवी डोकेदुखी जडते. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम मी कंटाळत केले, पहिले सहा आठवडे फरक शून्य. मग फरक पडला. दुखणं आज पूर्ण गेलेलं नाही. खाली वाकून मुलीच्या बुटाची नाडी बांधता येते इतपत आहे.

दातांकडेही बघा. सिरपमधल्या साखरेनं माझ्या चार दाढा किडल्या होत्या. दातांचा डॉक्टर असो की ऑपरेशनआधी भूल देणारा, त्यांना आपला इतिहास आणि चालू असलेलं ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्झोन आधीच सांगायचं, म्हणजे ते वेदनेची सोय वेगळी करतात.

मेडिकल, पैसे, रस्ता

कोडीन शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि रजिस्टरमध्ये डॉक्टर व पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. कोडीनच्या मिश्र सिरपांवर सरकारनं मार्च २०१६ मध्ये आणि पुन्हा जून २०२३ मध्ये बंदीचे आदेश काढले. तरी गल्लीत कुठे काय मिळतं हे घेणाऱ्याला पाठ असतं. म्हणून मी स्वतः जाऊन माझ्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला सांगितलं, "दादा, मी मागितलं तरी मला देऊ नका." तो क्षणभर गप्प झाला आणि मान हलवली. दुसऱ्या एका दुकानावरून जाणं टाळायला मी वर्षभर लांबच्या रस्त्यानं घरी आलो. खात्यातले पैसे बायकोकडे, मोबाइलवरून पैसे पाठवायची मर्यादा दिवसाला दोनशे रुपये. पुरवठा करणारे नंबर एकदाच बसून पुसले. नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट, त्याच्या सभा मुंबई-पुण्यात भरतात, ऑनलाइनही असतात. तिथे नाव-गाव, फी काही विचारत नाहीत.

घरच्यांनी

शपथा घालू नका. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी दोनदा मोडली, आणि मोडल्यावर तोंड दाखवायची लाज वाटून आणखी प्यायलो. कर्ज फेडून देऊ नका, ऑफिसात खोटं कारण कळवू नका, पण डॉक्टरकडे सोबत जा. रोजची गोळी हातात देताना ती जिभेखाली विरघळेपर्यंत जवळ बसा. उरलेली औषधं कुलपात ठेवा. आजी-आजोबांच्या खोकल्याच्या आणि गुडघेदुखीच्या औषधांचा डबासुद्धा तपासा.

आणि घसरण झाली, तर त्या दिवशी काय करायचं हे आजच, सगळं सुरळीत असताना ठरवून ठेवा. आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी होती, बायकोच्या अक्षरात: 'घेतलंस तर लगेच सांग. मी रागावेन, पण आधी डॉक्टरांना फोन करू.' अकराव्या महिन्यात मला ती एकदा वापरावी लागली. मी एक घोट घेतला होता, बाटली अजून हातात होती. तिला फोन केला, उरलेलं बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला, आणि संध्याकाळी आम्ही दोघं ओपीडीच्या बाकावर नंबर येण्याची वाट बघत बसलो होतो.